गोड वाटीतला खारट घास

सायगॉन,
२४ फेब्रुवारी १९९३

चि. खाम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तेतचा नववर्षाचा सण होऊन महिना उलटला तरी तुझं पत्र नाही. ह्वेमधली सगळी घड्याळं एकदम बंद पडली की काय? पडली असतील तर घड्याळजी म्हणून तुझी चांदीच आहे, पण बहिणीला चार ओळी खरडायला काही भिंग लागत नाही.

आता मुद्द्याचं. मा जेवत नाही. काळजी करू नकोस असं पुढे लिहिलं होतं, पण ते खोटं आहे म्हणून खोडलं. तेतच्या आधी बांच्या दुखवट्याचे सत्तावीस महिने पुरे झाले. छातीवरच्या काळ्या पट्ट्या आम्ही दोघींनी विधीप्रमाणे जाळल्या आणि त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. ताटावर बसते, काड्या हातात घेते, दोन शितं तोंडात टाकते आणि पोट भरलं म्हणून उठते. डॉक्टर दोनदा येऊन गेले. रक्त, छाती, पोट सगळं तपासलं, कुठे काही दोष नाही. चाळीस किलोंची बाई चौतीसवर आली आहे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, की औषध देण्यासारखं काही नाही, हिला जेवायला लावा, अशीच राहिली तर ही यंदाचा पावसाळा बघेल असं मी सांगू शकत नाही.

काल मी वैतागले आणि विचारलं, की बाई गं, या जगातली कुठली वस्तू तुला खावीशी वाटते ते एकदा सांगून टाक. ती म्हणाली, सेनआत्याची चॅ. पाकात सोडलेले गोळे असतात ती, आत भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सारण घातलेली.

तुला सेनआत्या आठवत असेल. संध्याकाळी आपल्या आळीतून कावड घेऊन जायची, एका टोपलीत चॅचं मडकं आणि दुसरीत वाट्या. मा आजारी असली की दाराशी थांबून तिच्यापुरती एक वाटी देऊन जायची. त्या वाटीला आपल्याला बोट लावू देत नसत, आईचं औषध आहे म्हणत. मी सात वर्षांची असताना एकदा चमचा बुडवला होता, तर बांनी माझा हात धरला. बांनी हात धरल्याची माझी ती एकच आठवण आहे.

मी इथल्या तीन दुकानांतून चॅ आणून बघितली. इथली तऱ्हा तुला ठाऊक आहे. पेलाभर बर्फाचा चुरा, त्यावर नारळाचं दूध, त्यात हिरव्या-गुलाबी शेवया, लग्नाच्या मांडवासारखा थाट. माने एक चमचा तोंडात धरला आणि म्हणाली, की सायगॉनचे लोक चॅ खात नाहीत, तिने आंघोळ करतात.

तेव्हा तू ह्वेत शोध. सेनआत्या आता कुठली असायला, पण तिच्यासारखी कोण करतं ते बघ, खा, कृती विचार आणि मला कळव. मी इथे करीन. तीस वर्षं पोरांना शिकवलं आहे, लिहून दिलेलं मला जमतं. तू स्वतः आलास तर त्याहून बरं. दुकान बंद ठेवता येत नाही हे मला पाठ झालं आहे, ते पुन्हा लिहू नकोस.

माया आहेच, तिला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
क्विनताई


ह्वे,
८ मार्च १९९३

ती. क्विनताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. चौतीस हा आकडा तू शब्दात लिहिला आहेस, तरी मी दुसऱ्या ओळीवर जाऊन पुन्हा मागे येत होतो. माला माझा नमस्कार सांग आणि सांग, की खाम चॅच्या मागे लागला आहे.

काल रविवार होता. दुपारीच दुकानाच्या फळ्या लावल्या आणि सायकल काढली. डोंग बा बाजाराच्या मागच्या दाराशी एक बाई बसते, तिच्यापासून सुरुवात केली. मांसाची चॅ आहे का विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो आहे. म्हणाली, नारळाची आहे, घ्यायची तर घ्या. पुढे आन कू पुलाजवळ गेलो. तिथेही नारळ. बेन न्गू बाजारात मुगाचं सारण. जुन्या किल्ल्याच्या तटाआड एका घरात फार चांगली मिळते असं ऐकलं होतं, तिथल्या म्हातारीने तर मलाच विचारलं, की बाबा, तुझी तब्येत बरी आहे ना. सगळीकडे ही गर्दी, बायका हातात फुलं घेऊन रांगेत, आणि मांस म्हटलं की सगळ्या माना वळायच्या.

ताई, वाईट वाटतं, पण ती चॅ ह्वेतून गेली. माणसं बदलली. आपल्या लहानपणी ज्या गोष्टी होत्या त्या हळूहळू अशाच नाहीशा होणार, आणि आपण विचारायला गेलो तर लोक आपल्यालाच वेड्यात काढणार. मी नदीकाठी सायकल टेकवून बराच वेळ बसलो होतो.

बाकी प्रकारच्या चॅ मात्र उत्तम आहेत. तटाआडच्या म्हातारीची कमळाच्या बियांची खा. लिचीसारख्या लाँगन फळाची बी काढून तिथे कमळाची बी बसवलेली असते, एकेक फळ मी भिंगाखाली बघावं इतकं नीट. कोन हेन बेटावर कोवळ्या मक्याची मिळते, ती गरमच घ्यावी. जांभळ्या कंदाची बेन न्गूला. माला यातली कुठली चालेल का विचार.

दुकानात बांचा जुना खण आवरायला काढला आहे. पसरट टोकांचा एक चिमटा निघाला, कुठल्याच घड्याळाच्या कामाचा नाही. टाकवतही नाही.

आमची आठवण काढत जा, तेवढ्यावर आम्ही चालतो.

तुझा आज्ञाधारक,
खाम


सायगॉन,
१५ मार्च १९९३

चि. खाम यास,
आशीर्वाद, आणि कानाला एक चिमटा.

सात मार्चला कोणती तिथी होती? पंचांग बघू नकोस, मीच सांगते. पौर्णिमा. साऱ्या ह्वे शहरात पौर्णिमेच्या दिवशी दारोदार डुकराचं मांस मागत फिरणारा एकच माणूस निघाला, आणि तो आमच्या घरातला. फुलं घेतलेल्या बायका दिसल्या, रांगा दिसल्या, तरी डोक्यात उजेड पडला नाही. घड्याळात तुला तास दिसतात, मिनिटं दिसतात, चंद्र काही दिसत नाही. आणि वर नदीकाठी बसून गेलेल्या दिवसांसाठी उसासे.

तुझं पत्र मी माला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हातारीने तुझ्या तब्येतीची चौकशी केली तिथे मा हसायला लागली. इतकी हसली की ठसका लागला आणि मला पाठ चोळावी लागली. ती म्हणाली, की याला लहानपणीच आजीच्या हाताखाली ठेवायला हवं होतं, चार दिवसांत तिथी शिकला असता. आपली आजी काय कडक, हे तुला कमीच माहीत. आजोबा गेल्यावर तिने स्वतः मांस सोडलं ते ठीक, पण चुलीवरूनच उतरवलं. तिच्या घरात सून म्हणून आलेल्या माला दोन्ही बाळंतपणं भाज्या आणि सोयाबीनच्या पनीरवर काढावी लागली. मासळीच्या खाऱ्या रसाची बाटलीसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे.

हसून झाल्यावर माने अर्धी वाटी पेज घेतली. महिन्याभरात पहिल्यांदा. म्हणून तुझ्या मूर्खपणाबद्दल मी जास्त बोलत नाही.

पुन्हा जा. बावीस तारखेच्या आत जा, तेवीसला नवा महिना लागतो, त्या दिवशीही सगळे शाकाहारी असतात. हे मी तुला लिहून कळवते आहे, म्हणजे काय म्हणावं.

राग नाही, लोभच आहे, तो अशा पत्रांनी वाढतो.

तुझी,
क्विनताई


ह्वे,
२२ मार्च १९९३

ती. क्विनताईस,
सा. न. वि. वि.

चंद्राची आणि माझी ओळख पटली आहे. काल सगळीकडे पुन्हा जाऊन आलो. सगळीकडे मांसाची चॅ होती आणि सगळ्यांनी मला ओळखलं. डोंग बाच्या बाईने शेजारणीला हाक मारून दाखवलं, की तो पौर्णिमेचा हाच.

आता माला सावकाश वाचून दाखव. आन कू पुलाजवळची पारी काचेसारखी, आतला मांसाचा तुकडा बाहेरून दिसतो. पाक मात्र नुसताच गोड, आल्याचा पत्ता नाही. डोंग बाची बरी, पण मांस आदल्या दिवसाचं असावं. बेन न्गूची बाई दुपारी दोनला बसते आणि चारला तिचं मडकं रिकामं होतं. तिची पारी पातळ, मऊ, आणि मांस इतकं खमंग की आधी पाकाचा गोड घोट येतो, मग दाताखाली एकदम खारट, आणि दोन्ही मिळून काहीतरी तिसरंच होतं. मी तीन वाट्या खाल्ल्या. ह्वेत कोणी मला विचारलं, तर मी डोळे मिटून बेन न्गूचं नाव सांगेन. तिची कृती मागच्या पानावर लिहिली आहे. साबुदाण्याचं पीठ उकळत्या पाण्यातच मळायचं, गार पाण्यात नाही, हे तिने दोनदा बजावलं.

मी सायगॉनला यावं असं तू लिहितेस. दुकानाचं कारण मी सांगणार नाही, तुला पाठ आहे. खरं सांगतो. बा गेल्यावर मा सायगॉनला निघाली, त्या दिवशी शेजारचे लाव काका माझ्या दाराशी उभे राहून म्हणाले, की मुलगा जिवंत असताना आई लेकीकडे राहायला जाते, असं या आळीत पहिल्यांदाच पाहतो आहे. ते वाईट मनाने म्हणाले नाहीत. पण मला अजून त्या दाराशी उभं राहिलं की ते ऐकू येतं. माने जाताना मला कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी एकटा माणूस, माझ्या घरात बाई नाही, तिचं कोण करणार, असं मीच माझं ठरवून टाकलं. आता तिच्यासमोर येऊन उभं राहायचं तर काय तोंडाने राहू?

हे माला वाचू नकोस. बेन न्गूपर्यंतच वाच.

तुमच्या मायेचा धनी,
खाम


सायगॉन,
३० मार्च १९९३

चि. खाम यास,
आशीर्वाद.

बेन न्गूपर्यंतच वाचलं. पुढचं मी एकटीने वाचलं आणि पत्र उशीखाली ठेवलं.

बेन न्गूच्या कृतीने मी चॅ केली. माझ्या मते चांगली झाली होती. शेजारच्या बाई दोन वाट्या खाऊन भांडं घासून गेल्या. माने एक गोळा चमच्यात घेतला, उजेडात धरला आणि परत वाटीत सोडला. म्हणाली, ही नव्हे. सेनआत्याची पारी पातळ नव्हती. चांगली जाड होती, आत काय आहे ते बाहेरून दिसत नसे. आणि वरच्या बाजूला पाच कळ्या असत, चिमटून पाडलेल्या, बारीक. बोटांनी तशा पडणार नाहीत. मी म्हटलं, की जाड पारी म्हणजे तर करणारीचा हात वाईट. तर म्हणाली, हो, वाईटच होता, पण मला तीच हवी.

यात माझी काही अक्कल चालत नाही. ह्वेत पारी जाड करणारी बाई एक दिवस तरी टिकेल का?

खाम, या आठवड्यात ती बत्तीस किलो आहे. काल तिने तिची जुनी डबी मागितली आणि उशाशी ठेवली. आत काय आहे विचारलं तर सांगितलं नाही. मी थट्टा करायला लागले तर हसते, पण आता ती माझ्यासाठी हसते, हे मला कळतं. शाळेत एवढ्या पोरांना जेवायला लावलं, घरची एक म्हातारी ऐकत नाही. तू सेनआत्यालाच शोध. गेली असेल तर तिची मुलगी, सून, कोणीतरी असेल. एवढं कर.

तुझीच, आणि तुझ्याच भरवशावर,
क्विन


ह्वे,
९ एप्रिल १९९३

ती. क्विनताईस,
सा. न. वि. वि.

आधी बसून घे. हे पत्र उभ्याने वाचण्यासारखं नाही.

सेनआत्या जिवंत आहे. कोन हेन बेटावरच्या मक्याच्या चॅवालीला मी सहज विचारलं, तर ती म्हणाली, की तिला कोण ओळखत नाही, ती नाम जाव टेकडीवरच्या भिक्षुणींच्या मठात असते, स्वयंपाकाला मदत करते. या वेळी मी पंचांग बघून सहा तारखेला गेलो. पौर्णिमेला मठ उघडा असतो, म्हणून. तिचं वय ब्याऐंशी, तोंडात दात नाही आणि कानाने ठार बहिरी. ताई, कल्पना कर. पौर्णिमेचा दिवस, अंगणभर भाविक, समोर भिक्षुणी, आणि मी एका म्हातारीच्या कानाशी जाऊन ओरडतो आहे, की भाजलेल्या डुकराच्या मांसाची चॅ, मांसाची, मांसाची. या शहरात माझी जी काही अब्रू उरली होती, ती तिथे ठेवून आलो.

तिला ऐकू आलं तेव्हा ती रागावली. म्हणाली, की माझा नवरा तापातून उठला त्या वर्षी मी नवस केला, तेव्हापासून साठ वर्षं मांसाला हात लावलेला नाही, तुला कोणी सांगितलं मी मांसाची चॅ विकायची म्हणून? मी म्हटलं, माझी आई खायची. ती म्हणाली, कोण तुझी आई? मी म्हटलं, नदीपलीकडच्या घड्याळजीची बायको. तेव्हा तिने माझा हात धरला, मला मागच्या पडवीत नेलं आणि हसायला लागली.

ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. १९३९ साली, तू पोटात होतीस तेव्हा, मा इतकी अशक्त झाली की उठून बसली तर घेरी यायची. वैद्याने मांस द्यायला सांगितलं. आजीच्या घरात ते शक्य नव्हतं, आणि आजीला उलट बोलणं बांना शक्य नव्हतं. मग बांनी सेनआत्याला गाठलं. रोज सकाळी ते तिच्याकडून मूठभर मळलेलं पीठ विकत न्यायचे. दुकानातच, घड्याळांच्या टेबलावर, बाजारातून आणलेलं भाजलेलं मांस बारीक करून गोळ्यांत भरायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. संध्याकाळी आत्या आळीत शिरली की दुकानापाशी एक झाकणाची डबी तिच्या टोपलीत जायची. दाराशी आली की ती माची वाटी काढायची, डबीतले गोळे त्यात सोडायची, वर स्वतःचा आल्याचा पाक ओतायची आणि आजीच्या डोळ्यांदेखत सुनेच्या हातात द्यायची. माची वाटी आणि चमचा तिने वेगळा ठेवला होता. मी तिला विचारलं, नवस असताना हे कसं केलंस. ती म्हणाली, की मी शिजवलं नाही, खाल्लं नाही, आणि तुझ्या आजीशी खोटंही बोलले नाही, कारण तिने मला कधी विचारलं नाही.

पारी जाड का, ते आता कळलं ना? आजीला आतलं दिसू नये म्हणून. बांचा हात वाईट नव्हता.

हे तुझ्या वेळी, मग माझ्या वेळी, मग मा जेव्हा जेव्हा आजारी पडली तेव्हा, आजी जाईपर्यंत चाललं. ज्या माणसाला आपण कधी चहाचं आधण ठेवताना पाहिलं नाही, तो माणूस. दुपारी दुकानाचं दार लावून घ्यायचा आणि आपल्याला सांगायचा, की नाजूक काम आहे, आत येऊ नका.

पसरट टोकांचा चिमटा आता माझ्यासमोर टेबलावर आहे. पाच कळ्या त्याच्याच.

परवापासून मी करतो आहे. पहिले गोळे पाण्यात फुटले. दुसरे इतके चिकट झाले की एक अजून पातेल्याला धरून आहे. काल नऊपैकी सहा शाबूत निघाले. एकाला नीट पाच कळ्या आल्या. मी तो गोळा समोर ठेवून बसलो आणि मला रडू आलं, ते तुला सांगायला हरकत नाही. सकाळी लाव काका डोकावले आणि विचारलं, की हे काय चाललं आहे. मी म्हटलं, आईसाठी करतो आहे. ते परत गेले आणि थोड्या वेळाने घरचं आलं आणून देऊन गेले.

तयार चॅ गाडीत टिकणार नाही. म्हणून पीठ, आलं आणि चिमटा घेऊन मीच येतो. सतरा तारखेला सकाळी गाडी पोहोचते. दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे, की मालक गावाला गेले आहेत, घड्याळं आल्यावर मिळतील. बांच्या काळापासून त्या दारावर अशी पाटी लागलेली नाही. लोक काय म्हणतील ते म्हणोत.

माला यातलं काही सांगू नकोस. बांनी पन्नास वर्षं ठेवलेली गोष्ट आहे, मी तरी आठ दिवस ठेवीन.

भेटीअंती बाकी सगळं. तोवर तिला हसवत ठेव.

तुझा,
खाम


सायगॉन,
६ मे १९९३

चि. खाम यास,
तुझ्या माचे पोटभर आशीर्वाद.

क्विनला सांगून हे लिहवून घेणार होते, पण काही गोष्टी लेकीच्या अक्षरात बऱ्या दिसत नाहीत. माझं अक्षर वाकडं येतं, तेव्हा भिंग लावून वाच.

तू ह्वेला सुखरूप परत पोहोचल्याचं कळलं. इथे तुझ्या मागे क्विन रोज सकाळी पीठ मळते आणि रोज बिघडवते. तिच्या कळ्या चार येतात. बिघडलेले मी खाते. काल तिने मला काट्यावर उभं केलं, साडेछत्तीस भरले. डॉक्टर म्हणाले, कसलं औषध चालू केलंत? ती म्हणाली, घड्याळजीचं.

तू आलास त्या सकाळी मला झोपेचं सोंग घ्यायला लावून तुम्ही दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत होतात. मग तू वाटी आणलीस आणि सेनआत्याने पाठवली म्हणून सांगितलंस. तुला खोटं बोलता येत नाही. तुझ्या बांनाही येत नसे. माझ्या तोंडात पहिला गोळा गेला आणि मी डोळे मिटून घेतले, म्हणून तू घाबरलास. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी मोजत होते, किती वर्षांनी ते.

तू मला सेनआत्याचं सगळं जाताना सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं, जसं काही पहिल्यांदाच ऐकते आहे. आता खरं ऐक. मला माहीत होतं. तू पोटात होतास तेव्हा एका संध्याकाळी माझ्या दाताखाली काहीतरी कडक आलं. हळूच हातात घेऊन बघितलं, तर घड्याळाचा इवलासा स्क्रू. सासूबाई समोर बसल्या होत्या. मी तो गालात धरून ठेवला आणि वाटी संपवली. तो माझ्या डबीत आहे, क्विनला दाखवलेला नाही.

तुझ्या बांना मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते लाजले असते आणि त्यांनी बंद केलं असतं. ते रोज येऊन सहज विचारल्यासारखं विचारायचे, की आज सेनआत्याची चॅ कशी होती. मी म्हणायचे, बरी होती, पण हल्ली तिच्या कळ्या वाकड्या पडतात. दुसऱ्या दिवशी कळ्या सरळ असायच्या. आमचं बोलणं एवढंच, पण ते पुरायचं.

दुखवटा संपला त्या दिवशी काळी पट्टी जळताना पाहिली आणि मला वाटलं, आता ही गोष्ट माहीत असलेलं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. मी गेले की ती गेली. मग घास खाली उतरेना. क्विनने खोदून विचारलं तेव्हा तोंडातून चॅ निघून गेली. मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

तू बेन न्गूच्या पुढे जे लिहिलं होतंस, ते पत्र क्विन उशीखाली विसरली. मी वाचलं. लाव काकांना मी भेटेन तेव्हा बघून घेईन, पण तुला आत्ताच सांगते. मी तुझ्यामुळे गेले नाही. तुझ्या घरात बाई नाही म्हणून गेले नाही. तू खाली दुकानात कामाला बसायचास आणि चिमटा पितळी ताटलीत ठेवायचास, त्याचा आवाज वर यायचा. अगदी तुझ्या बांचाच आवाज. मी दर वेळी उठून जिन्यापर्यंत यायचे. महिनाभर असं केलं, मग मला झेपेना. तुला हे सांगितलं असतं तर तू काम करणं सोडलं असतंस, म्हणून गप्प बसले. या घरातली माणसं एकमेकांना काही सांगत नाहीत, तो दोष माझ्यापासूनच आला असेल.

आता तो आवाज ऐकायला मला भीती वाटत नाही. इथला पाऊस ओसरला की चांद्र नवव्या महिन्यात त्यांच्या श्राद्धाला मी क्विनबरोबर येते आणि आले की राहते. क्विन आधी रडली, मग म्हणाली, की सुट्टीत मीही ह्वेला येऊन पडेन. तिच्यासाठी वरची खोली झाडून ठेव. तुला कोणी विचारलं, की ह्वेत चांगली चॅ कुठे मिळते, तर बेन न्गूचं नाव सांग. आपलं सांगू नकोस, रांग लागेल.

जेवत जा, पत्र टाकत जा, आणि माझ्यावर रुसायचं असेल तर समोर बसून रुस.

तुझी,
मा

ता. क. श्राद्धाच्या दिवशी त्यांच्या तसबिरीपुढे या चॅची वाटी ठेवायची आहे. एवढी वर्षं त्यांनी केली, पण स्वतः चाखताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मात्र तुझ्या आजीची तसबीर त्याच देव्हाऱ्यात, त्यांना लागूनच आहे. तेव्हा पारी जाड ठेव.